एका गिऱ्हाइकाचं दुकान

गाव कुठलं असं कुणी विचारलं आणि मी 'दाभोळ' म्हटलं की पुण्यात दहातले आठ जण विचारतात, "म्हणजे ते एन्रॉनवालं?" उरलेले दोघं "दापोलीजवळ ना?" म्हणतात आणि लगेच हॉटेलांची चौकशी सुरू करतात. :-) खरं म्हणजे एन्रॉनचा प्रकल्प दाभोळात नाहीच. तो वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरला. आम्ही खाडीच्या अलीकडे, दापोली तालुक्यात. पण कंपनीचं नाव 'दाभोळ पॉवर कंपनी' ठेवलं गेलं आणि बदनामी आमच्या गावाच्या नावावर चढली. असो.

त्या प्रकल्पाची कथा तुम्हाला ढोबळमानाने माहीत असेलच. १९९२ साली सामंजस्य करार. १९९५ मध्ये राज्यात सरकार बदललं, करार रद्द झाला, मग पुन्हा वाटाघाटी. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू. मे २००१ मध्ये सगळं बंद आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं. विजेचा दर, नाफ्था, डॉलर, राजकारण... कारणं भरपूर आहेत आणि त्यावर पुस्तकंही आहेत. मी तेव्हा जेमतेम शाळेत जायच्या वयाचा होतो, त्यामुळे माझं सगळं ज्ञान वडिलांच्या गप्पांमधलं आणि नंतरच्या वाचनातलं. पण इंजिनियरच्या नजरेनं बघितलं तर एक गोष्ट ठळक दिसते. एवढ्या अवाढव्य कारखान्याला गिऱ्हाईक एकच होतं, महाराष्ट्र राज्य वीज मंडळ. त्यानं हात वर केले आणि खेळ खलास.

आता याच खाडीच्या अलीकडे बघा. दाभोळ हे बहमनी काळापासूनचं नावाजलेलं बंदर. अरबस्तान, इराणकडून घोडे यायचे, इथून कापड जायचं. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हॉइसरॉय आल्मेदानं हे गाव लुटलं आणि जाळलं. तरी बंदर मेलं नाही, पुढे आदिलशाहीतही चालू राहिलं. कारण माल घेणारे-देणारे दहा ठिकाणचे होते. म्हणजे जाळलेलं बंदर पुन्हा उभं राहिलं आणि कुणी काडीही न लावलेला वीज प्रकल्प बंद पडला!

तुम्ही म्हणाल, वीकांताला हा बाबा वीज मंडळ घेऊन का बसलाय? तर मंडळी, आजचा विषय आहे महिलांच्या छोट्या स्पर्धा. म्हणजे ज्या टीव्हीवर दिसत नाहीत, ज्यांचं बक्षीस ऐकून कुणाचे डोळे विस्फारत नाहीत, आणि मंदी आली की ज्यांच्यावर पहिली कुऱ्हाड पडते अशा. या स्पर्धा कशा मरतात आणि कशा जगतात याचा इतिहास वाचताना मला सारखी ती खाडी आठवत होती.

सुरुवात गोल्फपासून करू. हसू नका! ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. त्या सकाळी अर्धा भारत उठून टोकियो ऑलिंपिकमधलं गोल्फ बघत होता आणि 'बर्डी', 'पार' हे शब्द पाठ करत होता. अदिती अशोकचं पदक थोडक्यात हुकलं, चौथी आली. आपण हळहळलो आणि सोमवारी हापिसात गेलो. पण अदिती काही एका रात्रीत टोकियोला पोचलेली नव्हती. २०१६ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, तिनं गुरगावला महिलांची इंडियन ओपन जिंकली होती. ही स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय. २००७ साली सुरू झालेली ही स्पर्धा मध्येच गुंडाळली गेली असती तर? या 'तर'साठीच हा लेख.

महिला गोल्फचा धंदा म्हणून इतिहास अमेरिकेत १९५० ला सुरू होतो. १३ बायकांनी मिळून 'एलपीजीए' ही व्यावसायिक खेळाडूंची संघटना काढली. त्यात १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये धावण्या-फेकण्यात सुवर्णपदकं मिळवलेली बेब झहारियास होती, पहिली अध्यक्ष झालेली पॅटी बर्ग होती. यांच्याकडे कर्मचारी असे नव्हतेच. हिशेब लिहायचा तो खेळाडूंनी, मैदानाची तयारी बघायची ती खेळाडूंनी, गावोगावी जाऊन जाहिरात करायची तीही खेळाडूंनीच. आपल्याकडे एकांकिका स्पर्धेला जाणारा कॉलेजचा ग्रुप कसा नेपथ्य पण स्वतःच उचलतो, तसं. सुरुवातीच्या वर्षांत आल्विन हँडमाकर नावाच्या बायकांचे कपडे बनवणाऱ्या एका उद्योजकानं 'वेदरव्हेन' या आपल्या ब्रँडच्या नावानं देशभर फिरणारी स्पर्धा भरवली. ती १९५० ते १९५३ अशी चार वर्षं चालली.

या टूरचा कणा पुढे कायम छोटी गावंच राहिली. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसमध्ये बेसबॉल-बास्केटबॉलपुढे महिला गोल्फला कोण विचारणार? पण कॉर्निंगसारख्या गावात ती वर्षातली सगळ्यात मोठी घटना असायची.

कॉर्निंग हे न्यूयॉर्क राज्यातलं जेमतेम ११ हजार वस्तीचं गाव. नाव ओळखीचं वाटतंय? तुमच्या मोबाइलवरची 'गोरिला ग्लास' बनवणारी कॉर्निंग कंपनी तिथलीच. लांब अंतरावर वापरता येईल अशी ऑप्टिकल फायबरही १९७० मध्ये याच कंपनीनं बनवली, म्हणजे आपलं सगळ्यांचं पोट एका अर्थी तिच्यावरच. :-) या कंपनीनं १९७९ पासून गावात महिलांची गोल्फ स्पर्धा भरवली. त्यातला पैसा परिसरातल्या रुग्णालयांसारख्या कामांना जायचा. गावातले लोक स्वयंसेवक म्हणून राबायचे, खेळाडूंना घरी उतरवून घ्यायचे. डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर कंपनीचा शेअर शंभराच्या वरून एखाद्या डॉलरवर आला, तेव्हाही स्पर्धा टिकली. पण २००९ च्या मंदीत मात्र संपली. तिची ३१ वी आणि शेवटची स्पर्धा तैवानच्या यानी त्सेंगनं जिंकली. हीच यानी २००७ मध्ये आपल्या पहिल्या महिला इंडियन ओपनची विजेती होती!

एकटी कॉर्निंग नाही. २००८ मध्ये एलपीजीएच्या वर्षभरात ३४ स्पर्धा होत्या. २०११ मध्ये उरल्या २३. तीन वर्षांत एक तृतीयांश दुकान बंद.

याला नुसती मंदी जबाबदार होती का? मला नाही वाटत. २००५ मध्ये आलेल्या कमिशनर कॅरोलिन बिव्हन्स यांचं धोरण होतं की टूरची किंमत वाढवायची. बक्षिसं मोठी करा, स्पर्धा भरवणाऱ्यांकडून फी जास्त घ्या, मोठे प्रायोजक आणा. हेतू चांगलाच होता, पुरुषांच्या तुलनेत बायकांना फारच कमी पैसा मिळायचा. पण लहान गावातल्या आयोजकाचं गणित वेगळं असतं. कॉर्निंगची शेवटची बक्षीस रक्कम १५ लाख डॉलर होती, ११ हजार लोकांच्या गावात! गाडी महाग होत गेली आणि नेमका घाट आला. जुने आयोजक एकेक करून उतरले. जुलै २००९ मध्ये खेळाडूंनीच बाईंच्या राजीनाम्याची मागणी करणारं पत्र लिहिलं आणि त्यांना जावं लागलं.

जानेवारी २०१० मध्ये मायकेल व्हान आले. हा मार्केटिंगमधला माणूस. त्यानं मोठ्या गप्पा न मारता, प्रायोजकाला आपल्याकडून नक्की काय हवंय हे आधी विचारायला सुरुवात केली. आणि २०११ मध्ये एक विलक्षण प्रयोग झाला. फिनिक्सला 'फाउंडर्स कप' नावाची स्पर्धा भरली, १९५० च्या त्या १३ जणींच्या सन्मानार्थ. बक्षीस १० लाख डॉलर. पण खेळाडूंना त्यातला एकही डॉलर नाही! सगळी रक्कम मुलींच्या गोल्फ प्रशिक्षणाला आणि इतर सामाजिक कामांना. ऑस्ट्रेलियाची कॅरी वेब जिंकली आणि रिकाम्या हातानं घरी गेली. ज्या वर्षी स्पर्धा सगळ्यात कमी होत्या, त्याच वर्षी या बायका फुकट खेळल्या. काही जणींनी आधी कुरकुर केली, तीही बरोबरच होती म्हणा, पोट त्यावरच होतं. पण दशक संपायच्या आत टूर पुन्हा तिशीपार गेली. त्यात आशियातल्या नव्या स्पर्धांचाही मोठा वाटा होता.

आता त्याच मंदीतून तरलेली एक स्पर्धा बघा. ऑरेगन राज्यातल्या पोर्टलँडची महिला गोल्फ स्पर्धा १९७२ पासून चालू आहे. मेजर नसलेल्या स्पर्धांमध्ये एलपीजीएवरची ही सगळ्यात जुनी. ती कुठल्या कंपनीच्या मालकीची नाही. तिथली एक ना-नफा संस्था ती चालवते आणि प्रायोजक तेवढे बदलत राहतात. सेफवे ही किराणा दुकानांची साखळी बरीच वर्षं नाव देत होती, २०१३ नंतर ती बाजूला झाली. पुढच्या वर्षी स्पर्धेला नावाचा प्रायोजकच नव्हता. नुसतं 'पोर्टलँड क्लासिक' म्हणून, एका स्थानिक आरोग्यविमा कंपनीच्या मदतीनं ती पार पडली. पाटी पुसली तरी दुकान चालू राहिलं.

म्हणजे फरक प्रायोजकाच्या श्रीमंतीचा नाही. कॉर्निंगचा प्रायोजक तर तीन दशकं इमानानं उभा होता. फरक एवढाच की त्यानं हात काढल्यावर स्पर्धा उचलून धरायला दुसरं कुणी होतं की नव्हतं.

चला, आता घरी येऊ. आपल्याकडे महिला गोल्फ अजून छोटं आहे, म्हणून टेनिस घेतो. २००३ ते २००८ हा भारतातल्या महिला टेनिसचा सुवर्णकाळ म्हणायला हरकत नाही. हैदराबादला २००३ ते २००५ डब्ल्यूटीएची स्पर्धा झाली. त्यातच फेब्रुवारी २००५ मध्ये सानिया मिर्झा घरच्या मैदानावर जिंकली, डब्ल्यूटीए एकेरीचं विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय बाई. कोलकात्याला २००५ ते २००७ सनफीस्ट ओपन. बंगळूरला २००६ ते २००८. शेवटच्या वर्षी बंगळूरचं बक्षीस ६ लाख डॉलर होतं आणि सेरेना विल्यम्स येऊन जिंकून गेली. आणि मग? मग शांतता. डब्ल्यूटीएची त्या पातळीची पुढची स्पर्धा भारतात व्हायला २०२२ चं चेन्नई उजाडावं लागलं. मधली चौदा वर्षं तिथे काहीच नाही. सेरेना आली त्याच्या पुढच्याच वर्षी दिवे बंद!

महाराष्ट्रात जरा खालच्या पातळीवर प्रयत्न झाले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बालेवाडीला सव्वा लाख डॉलरची रॉयल इंडियन ओपन झाली. १८ वर्षांच्या एलिना स्वितोलिनानं अंतिम सामन्यात ४२ वर्षांच्या किमिको दातेला हरवलं. स्वितोलिना पुढे जगात तिसऱ्या क्रमांकावर गेली. बालेवाडीची ती स्पर्धा दुसऱ्या वर्षी झालीच नाही. मुंबई ओपन २०१७ आणि २०१८ ला झाली, मग थेट २०२४ ला. २०१७ ची मुंबईची विजेती कोण, माहितेय? १९ वर्षांची आर्यना सबालेंका, पुढे जागतिक क्रमांक एक. आपण या पोरींना अगदी जवळून, रांगेबिंगेशिवाय बघू शकलो असतो. किती जण गेलो होतो?

आणि कबड्डी! आमच्या कोकणचा खेळ. २०१६ मध्ये प्रो कबड्डीबरोबर 'विमेन्स कबड्डी चॅलेंज' झालं. तीन संघ, टीव्हीवर थेट प्रक्षेपण. मुंबईची अभिलाषा म्हात्रे एका संघाची कर्णधार होती. अंतिम सामना २४-२३ असा एका गुणानं निकाली लागला, यापेक्षा रंगतदार काय हवं? पण ते पहिलंच वर्ष शेवटचं ठरलं. पुरुषांची लीग दरवर्षी मोठी होत गेली आणि बायकांची एका मोसमात आटोपली.

या सगळ्या पार्श्वभूमीवर पुण्यातली एक स्पर्धा मला फार आवडते. डेक्कन जिमखान्यावर महिलांची एक आयटीएफ टेनिस स्पर्धा होते. बरीच वर्षं तिचं बक्षीस २५ हजार डॉलर होतं, म्हणजे बंगळूरच्या त्या स्पर्धेच्या चोविसावा हिस्सा. दोन दशकांहून अधिक काळ ती टिकून आहे. तिचा प्रायोजक कोण? मोबाइल कंपनी नाही, बँक नाही, सॉफ्टवेअर कंपनी तर नाहीच नाही. तिचा प्रायोजक आहे 'नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी'. अंडेवाले! तीच ती 'संडे हो या मंडे'वाली मंडळी.

या कमिटीचा जन्मच मुळी वाईट काळातला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अंड्याचा भाव व्यापारी ठरवायचे आणि तो उत्पादनखर्चापेक्षाही खाली जायचा. कोंबडीपालन करणारे शेतकरी धंदा बंद करायच्या बेतात होते. पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजचे डॉ. बी. व्ही. राव गावोगाव फिरले, शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि १९८२ मध्ये ही कमिटी उभी राहिली. आपल्या अंड्याचा भाव आपण जाहीर करायचा, आणि अंडी खा अशी जाहिरातही सगळ्यांनी मिळून करायची. एकेका शेतकऱ्याला टीव्हीवर जाहिरात कशी परवडणार? हजारोंनी मिळून केली तेव्हा परवडली.

म्हणजे बघा, कागदावर प्रायोजक एकच दिसतो, पण त्याच्या पोटात हजारो छोटी माणसं आहेत. हा धंदा काही सुखाचा नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लोकांनी अंडी-चिकनकडे पाठ फिरवली. २०२० च्या सुरुवातीला चिकनमुळे कोरोना होतो अशी अफवा पसरली आणि पुन्हा तेच झालं. एवढे धक्के खाऊनही ही स्पर्धा शिल्लक आहे. दुसऱ्या बाजूला डेक्कन जिमखाना ही १९०६ सालची संस्था. कोर्ट स्वतःची, सभासद इथलेच. स्पर्धेसाठी काही नवं बांधायचं नाही, काही भाड्यानं आणायचं नाही. थोडक्यात, खर्च आटोपशीर आणि घर स्वतःचं.

२५ हजार डॉलरच्या स्पर्धेनं काय होतं? डिसेंबर २०१४ मध्ये अंकिता रैना ही स्पर्धा जिंकली. ती मूळची अहमदाबादची, पुण्यात येऊन हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकलेली. टेनिसमध्ये क्रमवारीचे गुण मिळवायचे तर स्पर्धा खेळाव्या लागतात, आणि स्पर्धा परदेशात असतील तर विमान, हॉटेल, कोचचा खर्च. पोरीच्या बापाचा प्रॉव्हिडंट फंड त्यातच जातो. घराजवळची एक स्पर्धा म्हणजे एका परदेशवारीची बचत, आणि नवख्या मुलीला वाइल्ड कार्ड मिळण्याची शक्यता. अंकितानं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्यपदक आणलं. अशा स्पर्धा म्हणजे जिन्याची खालची पायरी. ती काढून घेतली तर वरचा मजला कितीही सजवा, पोचणार कोण?

एक आक्षेप मी स्वतःच घेतो. महिलांची इंडियन गोल्फ ओपन आणि देशांतर्गत महिला टूर हीरो कंपनीच्या नावावर वर्षानुवर्षं चालली. कोविडमध्ये २०२० आणि २०२१ ला ओपन झाली नाही, पण २०२२ ला परतली. म्हणजे एकच खमका प्रायोजकही पुरतो की! पुरतो, नक्की पुरतो. कॉर्निंगलाही ३१ वर्षं पुरला होता. प्रश्न ३२ व्या वर्षाचा असतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या क्षेत्रात नोकरकपातीच्या बातम्या काही नव्या राहिल्या नाहीत. मी आधी ज्या कंपनीत होतो तिथे 'खर्चाचा फेरविचार' अशी मेल आली. त्या वर्षी पुरुषांचं क्रिकेट झालं, महिलांची बॉक्स क्रिकेट स्पर्धा रद्द. कारण? "प्रतिसाद कमी असतो." आमच्या टीममधल्या मुलींनी माणशी तीनशे रुपये काढले, एका रविवारी टर्फ बुक केलं आणि सहा संघांची स्पर्धा करून दाखवली. चषक तुळशीबागेतला. पुढच्या वर्षी मेल आली काय, न आली काय, त्यांना फरक पडणार नव्हता. स्पर्धा आता त्यांची होती.

कोकणातल्या माणसाला खरं तर हे शिकवायला नको. आमच्याकडे शिमगा असो, देवळाचा जीर्णोद्धार असो की कबड्डीची स्पर्धा, मुंबईतल्या चाकरमान्यांच्या मंडळाचं पावती पुस्तक फिरतं. कुणी पाच हजार देतो, कुणी एक्कावन्न रुपये. कुणाची नोकरी गेली तर त्या वर्षी त्याची पावती छोटी होते, पण उत्सव अडत नाही. गिरण्या बंद पडल्या तेव्हाही गावचे उत्सव बंद पडले नाहीत. खाडीपलीकडच्या कंपनीला जे जमलं नाही, ते आमच्या वाडीतल्या खजिनदाराला जमतं, कारण त्याचं पुस्तक एका नावावर चालत नाही.

छोट्या स्पर्धेचं आयुष्य त्या पुस्तकातल्या नावांच्या संख्येवर अवलंबून असतं, आणि प्रेक्षक हेही त्यातलंच एक नाव. छोट्या स्पर्धांना बहुतेक वेळा तिकीटही नसतं. तेव्हा पुढच्या वेळी डेक्कनला कॉफी प्यायला गेलात आणि जिमखान्यावर मुलींचे सामने चालू असतील, तर अर्धा तास आत जाऊन बसा. एक्कावन्न रुपयांची पावती फाडली असं समजा.